विहीणबाईंचं धुतलेलं तूप

विहीणबाई, आज माझे दोन्ही हात खांद्यापासून भरून आलेत आणि त्याला सर्वस्वी तुम्ही जबाबदार आहात. तांब्याच्या ताटात तूप घ्यायचं, गार पाणी ओतायचं, तळहाताने घोटायचं, पाणी काढून टाकायचं, परत नवं ओतायचं. हा उद्योग या वयात माझ्यामागे लावून तुम्ही खुशाल निघून गेलात. अजून महिना झाला नाही तुम्हाला जाऊन. तुमचं तेरावं झालं, मुंबईकर पाहुणे आपापल्या गाड्या पकडून गेले, उमरठच्या घरात व्याही एकटे राहिले, आणि मी इथे महाडात स्वयंपाकघराच्या फरशीवर फतकल मारून तुमच्याशी मोठ्याने भांडत बसले आहे. आमचे हे दारातून डोकावले. "कोणाशी बोलतेस?" म्हणाले. म्हटलं, "विहिणीशी." आल्या पावली परत गेले. आपल्या दोघींच्या मध्ये पडायचं नाही, हे ते फार आधीच शिकलेत.

तेराव्याला लोक तुमच्याबद्दल काय काय बोलत होते, ऐकायला हवं होतंत. शांत बाई, सोशीक बाई, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी पत्रावळीवरून मान वर करून बघितलं, म्हटलं हे नक्की कोणाबद्दल चाललंय? माझ्या घरात तर तुम्ही अध्यातही होता आणि मध्यातही. पण जेवणावळीत विहिणीने वाद घालायचा नसतो, म्हणून गप्प बसले. आज बोलते. आज मला अडवायला तुम्ही नाही आणि मान राखायला समोर कोणी नाही.

आपल्याकडे विहिणीची रीत किती सरळ आहे! मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी. मुलीच्या आईने निस्तरायचं. मुलाच्या आईने बारशाला यायचं, मानाची साडी घ्यायची, वाढलेलं जेवायचं, "काही कमी पडू दिलं नाहीत हो" म्हणायचं आणि संध्याकाळच्या गाडीला लागायचं. आणि तुम्ही? माझी प्राजक्ता, तुमची सून, बाळंत होऊन घरी येते न येते तोच तुम्ही दारात. निरोप नाही, फोन नाही. उमरठहून पोलादपूर आणि पोलादपूरहून महाड अशा दोन एसट्या बदलून, काखेत पिशवी, पिशवीत फडक्यात गुंडाळलेली बरणी आणि तांब्याचं ताट. मी दार उघडलं, तोंडभर हसले, आणि मनात पहिला विचार आला तो हा, की अगं बाई, आता मानाची साडी कुठून काढू!

तुम्ही पाणीसुद्धा घेतलं नाहीत. चपला काढल्या आणि सरळ बाळंतिणीच्या खोलीत. प्राजक्ता बाळाला घेऊन बसली होती. तुम्ही विचारलंत, "बरी हाय ना गो?" ती हसून म्हणाली, "बरी आहे." मी पण म्हटलं, बरी आहे हो, अगदी छान चाललंय. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "तोंडाकडं काय बगता विहीनबाई, पायांकडं बगा."

मी बघितलं. गोधडीखालून बाहेर आलेली तिची पायाची बोटं अशी आखडली होती की नखं पांढरी पडली होती. बाळ ओढत होतं आणि ती हसत होती. बोंडांना चिरा पडल्या होत्या, रक्त येत होतं, आणि आईला त्रास नको, सासूसमोर रडणं नको म्हणून माझी पोर हसत होती. मी तिची आई. मला हे दिसलं नव्हतं आणि तुम्हाला उंबऱ्यातून दिसलं. मला तेव्हा तुमचा राग आला, खोटं कशाला सांगू? आज सांगते, त्याच क्षणी तुम्ही मला आवडलात. दोन्ही एकदम झालं.

पण राग आधी बाहेर आला. कारण विहीणबाई, माझ्याकडे काय कमी होतं? बाजारपेठेत माझं बाळंतिणीच्या आणि तान्ह्या बाळांच्या सामानाचं दुकान. खालच्या फळ्यांवर झबली, दुपटी, टोपडी. सगळ्यात वर, पुराचं पाणी पोहोचत नाही त्या फळीवर, नाजूक माल. दूध काढायचे पंप. दूध गळून कपडे ओले होऊ नयेत म्हणून आत लावायच्या मऊ सुती चकत्या. फ्रिजमध्ये गार करून दुखऱ्या जागी ठेवायच्या जेलच्या चकत्या. बोंडावर बसवायची सिलिकॉनची टोपणं. आणि माझी लाडकी ट्यूब, मेंढीच्या लोकरीतल्या तेलाचं मलम. एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या पोरी बाळंतपणानंतर माझ्याच दुकानात येतात, हळूच विचारतात, "काकू, त्याला काही आहे का?" मी त्यांना 'त्याला' म्हणजे कशाला, ते बोलायला लावत नाही. सामान पुढ्यात ठेवते आणि कसं वापरायचं ते सांगते. गावभरच्या बाळंतिणींना मी सांगायचं आणि माझ्या लेकीला तुम्ही बरणीतलं तूप चोपडायचं?

बरणी तुम्ही उघडलीत तेव्हा मी वाकून बघितलं. पांढरंशुभ्र, लोण्यासारखं मऊ, तुपाचा वास जवळजवळ नाहीच. "शंबर पान्यांत धुतलंय," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "हो का! छान आहे हो." आणि ट्यूब उशाशी सरकवली. तुम्ही ट्यूब उचलून उलटसुलट केलीत, कशाची म्हणून विचारलंत. मी सांगितलं. तुम्ही ती अशी खाली ठेवलीत, जणू आत मेंढी जिवंत आहे.

मग सुरू झालं आपलं. पण भांडण म्हणावं तर ते तसंही नव्हतं, हीच तर गंमत. मी मुलीची आई, विहिणीसमोर माझा आवाज चढायचा नाही. तुम्ही पाहुण्या, माझ्या घरात तुमची सत्ता चालायची नाही. म्हणून आपण बोलायचो कशा!

"तुमचं तूप उत्तमच आहे हो विहीणबाई, पण या उकाड्यात जरा चिकट होत नाही का?"

"तुमची टूप भारीच आसंल, तुमी दुकानवाल्या. पन पोराच्या तोंडात मेंढीचं जातंय, तेवडं बगा."

"तसं नाही हो, ते पुसावंसुद्धा लागत नाही."

"मंग तर पोटातच जातंय की!"

आणि दोघी हसायचो. आमचे हे बाहेरच्या खोलीत पेपर तोंडावर धरून बसलेले. एवढ्या गोडीगुलाबीत बिचाऱ्या प्राजक्ताचं काय झालं असेल! माझ्यासमोर ती ट्यूब लावायची. मी चहा टाकायला आत वळले की तुमच्यासमोर तूप. एक थर आईचा मान राखायला, एक थर सासूचा. नाही कोणालाच म्हणता येईना. दुसरं कुठलं घर असतं तर एकीने दुसरीला स्पष्ट सांगितलं असतं, दोन शब्द झाले असते, आणि मिटलं असतं. आपण पडलो मानाच्या विहिणी.

आणि तिचं दुखणं दिवसेंदिवस वाढायला लागलं. बाळ धरायचं, सुटायचं, रडायचं, परत धरायचं. एका बाजूला दूध साकळून गाठ आली. तुम्ही कोमट फडक्याने शेक दिलात, ते बरं केलंत. मी पाजून झाल्यावर गार चकत्या ठेवल्या, तेही बरं होतं. पण मूळ दुखणं जागचं हलेना. शेवटी एका सकाळी तिने बाळाला तुमच्या हातात दिलं, माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, दुकानातून दुधाच्या पावडरचा डबा आण. मला नाही जमणार हे." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या वेळी तुमचा चेहरा मी बघितला. तुम्ही बाळाला इतकं घट्ट धरलं होतंत की ते रडायला लागलं.

मी डबा आणायला निघाले होते. मी काही डब्याच्या विरोधात नाही, माझ्या दुकानात तोही आहे आणि ज्या पोरीला लागतो तिला मी एक शब्द न बोलता देते. तुम्ही म्हणालात, "आदी दवाखान्यात दाखवू, मंग आना." ही एक गोष्ट तुम्ही मला स्पष्ट सांगितलीत आणि मी निमूट ऐकली.

त्या सिस्टर आठवतात ना? प्रसूतिगृहातल्या, आपल्यापेक्षा वयाने लहान आणि आवाजाने मोठ्या. बाळाचं वजन केलं, भुवया चढल्या. वाढायच्या ऐवजी उतरलं होतं. मग प्राजक्ताला म्हणाल्या, पाजून दाखव. पदर बाजूला केला आणि त्या ओरडल्याच, "हे काय चोपडलंय? पोराने धरायचं कुठं? घसरगुंडी केलीय नुसती! तो घसरतो आणि टोकाला लटकतो, म्हणून चिरा पडतात. चिरा पडल्या की तुम्ही अजून चोपडता. कोणी सांगितलं हे?"

मी भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत होते. तुम्हीसुद्धा वाचत होता, चष्मा घरी राहिला असताना.

"मीच लावलं, सिस्टर," प्राजक्ता म्हणाली. ही पोर तुम्हाला सून म्हणून मिळाली आणि मला लेक म्हणून, आपण दोघींनी काय पुण्य केलं होतं कोण जाणे.

सिस्टरांनी ओल्या कापसाने हलक्या हाताने सगळं पुसून काढलं. बाळाचं पोट आईच्या पोटाला लावलं, मान सरळ ठेवली. ओठाला बोंड लावून तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला सांगितलं, आणि उघडल्याबरोबर बाळाला पुढे घेतलं. "नुसतं टोक नाही द्यायचं. भोवतीचा काळा भागसुद्धा तोंडात गेला पाहिजे." गेला. बाळाचे गाल फुगले, घोट ऐकू यायला लागले. मी खाली बघितलं. प्राजक्ताची बोटं आधी आखडलेलीच होती, मग एकेक करत सुटली. मान वर केली तर तुम्हीसुद्धा तिकडेच बघत होता. त्या दिवशी आपण पहिल्यांदा एकमेकींकडे बघून हसलो, विहिणीसारख्या नाही, बायकांसारख्या.

पण माझी जीभ! "आणि मलम, सिस्टर?" मी विचारलंच. त्या म्हणाल्या, पाजून झालं की जागा हवेवर कोरडी होऊ द्या, ओल्या चकत्या वेळच्या वेळी बदला, साबण लावू नका, आणि काही लावायचंच तर अगदी हलका हात, एकच काहीतरी. तुम्ही लगेच विचारलंत, "एकच म्हंजे कुटलं?" त्या म्हणाल्या, "ते तुम्ही दोघी ठरवा," आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या. बाई, काय करून गेल्या त्या! दोन वर्षं आपण तेच ठरवत होतो. गणपतीला तुमच्याकडे, दिवाळीत माझ्याकडे, नातवाच्या वाढदिवसाला केक कापता कापता. मी म्हणायची, माझ्या ट्यूबने बरी झाली. तुम्ही म्हणायचात, तुपानं. प्राजक्ताला विचारलं की ती म्हणायची, भाजी करपतेय.

त्या दिवशी रिक्षातून घरी आलो आणि प्राजक्ता बाळाला घेऊन निवांत झोपली. तुम्ही फरशीवर ताट मांडून नवं तूप धुवायला बसलात. मी म्हटलं, अहो, आता कशाला? तर म्हणालात, "हाताला काम नको?" मी समोर लसूण सोलत बसले. पाणी मोजायला लागले तर तुम्ही मला गप्प केलंत. "मोजताय काय? हाताला कळतं." आणि मग, ताटातून नजर न काढता, तुम्ही बोललात. तुमचं पहिलं बाळंतपण. तुम्हाला आई नव्हती, म्हणून माहेरही नव्हतं. चिरा पडून ताप भरला तेव्हा घरातल्या कोणी तरी म्हटलं, सगळ्यांनाच दुखतं, त्यात काय एवढं. शेजारच्या एका म्हातारीने वाटीभर धुतलेलं तूप आणून दिलं, मागच्या दाराने. "तवाच ठरवलं," तुम्ही म्हणालात, "माज्या घरात कुनाला आसं बोलू देनार नाय. सून आसो का लेक."

लसूण सोलून झाला तरी सालं चिवडत बसले. तेव्हा म्हणायला हवं होतं, की विहीणबाई, बरं झालं तुम्ही बारशाची वाट बघितली नाहीत. माझ्या तोंडात शब्द आला होता. पण तुम्ही म्हणालात, "पानी द्या वाइच," आणि मी पाणी दिलं.

आता तेराव्याचं ऐका. जेवणं झाल्यावर मी हात धुवायला मागच्या मोरीकडे गेले. तिथे खिडकीच्या कट्ट्यावर, पाय घासायच्या दगडी वजरीच्या शेजारी, काय होतं? माझी ट्यूब! शेपटीकडून गुंडाळत गुंडाळत पार तोंडाशी आणलेली, आत थेंब उरला नसेल. मी हातात घेऊन उभी राहिले. तुमची दीपा मागून आली, नववा महिना लागलेला, कमरेवर हात. रडून डोळे सुजलेले, तरी तिला हसू आलं. "मावशी, आई ती टाचांना लावायची. भेगांना. दादाला सांगून दुकानातून मागवायची, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं." मग तुमच्या आवाजात म्हणाली, "विहिनीचं औशद गुनाचं हाय, पन टाचंला."

मी तिथेच मोरीवर बसले आणि हसले, आणि हसता हसता रडायला लागले ते थांबेचना. विहीणबाई, दोन वर्षं माझ्याच दुकानातून जावयाच्या हातून ट्यूब जात होत्या आणि मला वाटायचं, प्राजक्ताला लागत असतील! चोरट्या कुठल्या!

तोंड धुऊन ओटीवर आले तर दीपाचाच विषय चालला होता. बाळंतपण कुठे करायचं? माहेरी करायचं तर माहेरी बाई नाही. व्याही खांबाला टेकून बसलेले. प्राजक्ता आणि तुमचा संदेश महाडात, दोघांच्या कंपनीत पाळ्या. वरंधची तिची सासू भली बाई आहे, पण घरात अंथरुणाला खिळलेला माणूस, तिचे हात बांधलेले. ती म्हणाली, बघू कसं तरी, आमच्याकडेच होईल. दीपा दाराआड उभी होती. तेवढ्यात कोणी तरी लांबच्या आत्याबाई म्हणाल्या, "होतंय ओ सगळं. आमाला कोन होतं? सगळ्यांनाच दुखतं."

बास. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "दीपा माझ्याकडे येईल. महाडला. पहिलं बाळंतपण आईकडे होतं ना? ते मी करीन."

मग आत्याबाई म्हणाल्या, "विहिनीच्या घरी? भावाच्या सासुरवाडीला? आसं कुटं आयकलंय?"

"आता ऐका," मी म्हटलं. "हिची आई माझ्या दारात बारशाआधी, न बोलावता आली होती. तेही कोणी ऐकलं नव्हतं." वरंधच्या विहिणीकडे वळून हात जोडले, त्यांनी दोन्ही हातांनी माझे हात धरले. व्याही उठून मागच्या अंगणात गेले. थोड्या वेळाने परत आले तेव्हा हातात तुमचं तांब्याचं ताट होतं, राख लावून घासलेलं. माझ्या पिशवीत स्वतः घातलं त्यांनी. एक शब्द बोलले नाहीत. तुमच्या घरातली माणसं अशीच, बोलायचं ते काम तुम्ही एकटीने उचललं होतंत.

तर दीपा माझ्याकडे आली आणि सुखरूप सुटली. मुलगी झाली, विहीणबाई. नाक तुमचं आहे, आत्ताच सांगून ठेवते, पुढे रडायचं नाही. वरंधची सासू बघून गेली, बारसं त्यांच्या मनासारखं होणार आहे, आणि मानाची साडी मी यावेळी आधीच आणून ठेवली आहे.

पण तुमची लेक तुमचीच. घर माझं, नातं हे असं आडवळणाचं, म्हणून तोंड उघडायची नाही. "दुखतंय का गं?" "नाय मावशी." "जेवण आवडलं?" "हो मावशी." "पंखा लावू?" "चालेल मावशी." हसतमुख! मी सिस्टरांनी दाखवलं होतं तसं बाळ धरायला शिकवलं, उशी लावून दिली, तरी पहिल्या दिवसांत काही तरी चुकलंच होतं आणि चिरा पडायच्या त्या पडल्याच असणार. काल ती बाळाला घेऊन बसली, माझ्याकडे बघून गोड हसली, म्हणाली, "बरं हाय." मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. गोधडी वर केली. बोटं आखडलेली, नखं पांढरी.

मी तिच्यासमोर बसले. म्हटलं, "दीपा, या घरात एकदा दोघींचा मान राखण्यापायी एका पोराची घसरगुंडी झाली आहे. परत व्हायला नको. माझ्याकडे ट्यूब आहे, गार चकत्या आहेत, टोपणं आहेत, शंभर पाण्यांत धुतलेलं तूपसुद्धा डबीत भरून कंपनीचं मिळतं, तेही आहे. तुला काय हवंय ते एकच सांग. माझा विचार करशील तर याद राख."

तिने बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "मावशी, आईच्या हातचं होतं तसं." आणि जे रडली! तुम्ही गेल्यापासून ती अशी रडली नव्हती, सगळे बाळाला त्रास होईल म्हणून तिला गप्प करत होते. मी बाळ काढून घेतलं आणि तिला म्हटलं, रड. हे माहेर आहे. इथे रडायचं.

म्हणून आज हा कार्यक्रम. पहिलं तूप मी गरम असतानाच ताटात ओतलं, ते पाण्याबरोबर मोरीत गेलं. दुसरं गार करून घेतलं. घोटता घोटता पाणी पांढुरकं होतं, ओतून द्यायचं, परत. मला वाटलं दहा-वीस वेळा केलं की झालं. छे! तूप पिवळं ते पिवळंच. मी पाणी मोजत होते आणि मध्येच विसरत होते, आणि तुमच्यावर चिडत होते. एवढं घोटून, ती बरणी मांडीवर सांभाळत तुम्ही दोन एसट्या बदलून आलात, आणि मी म्हटलं, चिकट होत नाही का! मग कधी तरी मोजायचं सोडून दिलं. आणि तेव्हाच तळहाताखाली ते बदललं. गुळगुळीत, हलकं, पांढरं. हाताला कळलं, विहीणबाई.

तेवढ्यात प्राजक्ता कंपनीतली पाळी संपवून आली. ताट बघितलं, माझे हात बघितले आणि दाराला टेकून हसायला लागली. म्हणाली, "आई, आता सांगते. सिस्टरनंतर मी ट्यूब पण लावली नव्हती आणि तूप पण नाही. पाजून झालं की माझ्याच दुधाचे दोन थेंब लावून वाळवायची. पण तुम्ही दोघी इतक्या मजेत भांडत होता, म्हटलं कशाला मोडा!"

ऐकलंत? दोन वर्षं! मी तिला ताटातल्या पाण्याचा शिपका मारला. तुम्ही असता तर तिला म्हणाला असतात, "आसू दे गो, माज्या हातचं लावलं आसतंस तर दोन दिस आदी बरं वाटलं आसतं." आणि मी म्हटलं असतं, ट्यूबने चार. हा वाद मी काही सोडलेला नाही. दीपाच्या पिशवीत मी तुमचं तूप भरणार आहे आणि माझी ट्यूबही घालणार आहे. टाचांना.

पाजून झाल्यावर, जागा हवेवर कोरडी करून, दीपाने अगदी हलक्या हाताने ते तूप लावलं. पुढच्या वेळी आधी ओल्या फडक्याने टिपून घेतलं, बाळाला पोटाशी धरलं, तोंड पुरतं उघडेपर्यंत थांबली. मी दारात उभी होते, तुम्ही त्या दिवशी होता तिथेच, उंबऱ्यात. तिने विचारलं, "काय बघता मावशी?"

मी तिच्या पायांकडे बघत होते. गोधडीबाहेर आलेली पाची बोटं सैल, आणि अंगठा आपल्याच नादात गोधडीची किनार खालीवर करत होता.

विहीणबाई, बरं झालं तुम्ही बारशाची वाट बघितली नाहीत.